निर्वासितांविषयीची सभा लोकांच्या लक्षात राहावी म्हणून काय करावे?

कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी असलेले सार्वजनिक वाचनालय दरवर्षी २० जूनला, म्हणजे जागतिक निर्वासित दिनी, कार्यक्रम घेते. गेल्या वर्षी त्यांनी मेणबत्ती फेरी काढली, जगभरातील युद्धांची छायाचित्रे लावली आणि एक भाषण ठेवले. माणसे भरपूर आली, पण महिन्याभराने विचारले तेव्हा आपण नेमके कशासाठी जमलो होतो, हे आलेल्यांपैकी फारसे कोणाला सांगता येईना. यंदा काय वेगळे करावे, असे त्यांनी मला पत्राने विचारले आहे. मदतकार्यात आणि त्याविषयीच्या लोकशिक्षणात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

माझ्या मते अडचण मेणबत्त्यांची किंवा वक्त्याची नव्हती, तर विषयाच्या आकाराची होती. 'जगातील युद्धे आणि निर्वासित' हा सभेचा विषय होऊ शकत नाही, कारण तो कोणाच्याच मनात मावत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घराबाहेर पडलेली होती. हा आकडा व्यासपीठावरून सांगितला की सभागृहात क्षणभर शांतता पसरते, आणि वक्ता पुढच्या देशाकडे वळला की तो विरून जातो. म्हणून पहिला निर्णय असा घ्यावा की यंदा एकच संकट घ्यायचे, आणि तेही इतके नीट समजून घ्यायचे की ऐकणाऱ्याला घरी जाऊन चार वाक्यांत दुसऱ्याला सांगता यावे. सभा जमली की नाही, हे मी याच कसोटीवर ठरवते.

कोणते संकट घ्यावे, असे विचाराल तर मी सुदान सुचवेन, कारण त्याविषयी मराठीत फार कमी बोलले जाते आणि तरीही आपल्याकडे त्याची एक आठवण शिल्लक आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानची राजधानी खार्तुममध्ये लढाई पेटली. एका बाजूला जनरल अब्देल फताह अल बुऱ्हान यांचे लष्कर होते आणि दुसऱ्या बाजूला मोहम्मद हमदान दगालो यांचे 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल. ऑक्टोबर २०२१ मध्ये या दोघांनी मिळूनच मुलकी सरकार उलथवले होते, आणि पुढे निमलष्करी दल लष्करात कधी व कसे विलीन करायचे यावरून ते एकमेकांवर उलटले. पहिल्या तीन आठवड्यांत तेथे अडकलेल्या सुमारे ३,८०० भारतीयांना 'ऑपरेशन कावेरी'तून पोर्ट सुदानमार्गे जेद्दाला आणि तेथून मायदेशी आणले गेले. आपल्या वर्तमानपत्रांत त्या काळात रोज बातमी होती. आपली माणसे परत आली आणि बातमी थांबली, पण युद्ध थांबले नाही. २०२४ च्या अखेरीस सुदानमधील विस्थापितांची संख्या १ कोटी ४३ लाखांवर गेली होती, म्हणजे देशातील तीन माणसांपैकी साधारण एकाला घर सोडावे लागले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम सुदानच्या उत्तर दारफूर प्रांतातील एल फाशेर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे अन्नसुरक्षा तज्ज्ञांच्या समितीने अधिकृतपणे जाहीर केले. 'बातमी थांबल्यानंतर काय झाले' हा एवढाच धागा धरून वक्त्याने वीस मिनिटे बोलावे. श्रोता शेवटपर्यंत सोबत राहतो, असा माझा अनुभव आहे.

एक गैरसमज याच भाषणात दूर करावा. आपल्याकडे बहुतेकांची अशी समजूत असते की निर्वासित म्हणजे होडीत बसून युरोपकडे निघालेली माणसे. प्रत्यक्षात सुदानमधून बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक जण चाड, दक्षिण सुदान आणि इजिप्त या शेजारी देशांतच थांबले, आणि त्यांतला चाड हा जगातील सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे. जगभराचा विचार केला तरी जवळजवळ तीन चतुर्थांश निर्वासितांना गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांनीच आसरा दिलेला आहे. हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

तुमच्या जिल्ह्याला तर हा विषय आणखी जवळचा आहे, आणि याच कारणाने गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात त्याचा उल्लेखही झाला नाही याची मला हळहळ वाटली. कोल्हापूर शहरापासून थोड्याच अंतरावर वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, ३० जुलैला लंडनस्थित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, आणि या माणसांना सुटका मिळाली. १९४२ मध्ये त्यांतील अनेक जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आले. तेथून काही आफ्रिकेत गेले, तर काही कराचीमार्गे भारतात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे नवानगरचे संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आश्रय दिला हे पुष्कळांना ठाऊक असते. १९४६ मध्ये ती छावणी बंद झाली तेव्हा तेथील मुलेही वळिवड्याला आणण्यात आली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

वळिवड्याची गोष्ट सांगताना दोन बाबींवर भर द्यावा असे मला आग्रहाने सांगायचे आहे. पहिली म्हणजे छावणीतील जगणे. तेथे पोलिश भाषेतून चालणाऱ्या शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, नाटके बसवली जात होती, मुलामुलींची स्काउट पथके होती, आणि क्षयाने आजारी पडलेल्या मुलांसाठी पाचगणीला सोय केलेली होती. ज्यांनी घर, जमीन आणि घरातली माणसे गमावली होती त्या बायकांनी परक्या मुलखात, परक्या उन्हात, पहिल्यांदा काय उभे केले असेल तर मुलांची शाळा. निर्वासित म्हणजे हात पसरून बसलेला माणूस, ही प्रतिमा मोडायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि ते तुमच्या दारात आहे. दुसरी बाब थोडी अवघड आहे. या छावणीचा खर्च प्रामुख्याने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार करत होते. कोल्हापूर संस्थानाने जागा दिली आणि स्थानिक लोकांनी या माणसांना सांभाळून घेतले, ही मोठीच गोष्ट आहे, परंतु आपल्या औदार्याचे गुणगान हाच सभेचा मुख्य भाग होऊ लागला की निर्वासितांचा विषय बाजूला पडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सामधील कोल्हापूरच्या स्मारकाला भेट दिली तेव्हापासून हा मोह अधिकच वाढलेला दिसतो. अभिमानासाठी पाच मिनिटे जरूर द्यावीत, त्याहून जास्त देऊ नयेत.

युद्ध संपल्यावर ही माणसे परत का गेली नाहीत, असा प्रश्न सभेत हमखास येतो, आणि त्याच्या उत्तरात निर्वासितपणाचे सगळे मर्म आहे. १९४५ नंतर पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकवल्या गेल्या. वळिवड्यातील बहुतेकांची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. पोलंड नावाचा देश नकाशावर होता, पण त्यांचे घर त्या देशात उरले नव्हते, आणि ज्या राजवटीने त्यांना हद्दपार केले होते तिच्याच छायेत परतायची अनेकांची तयारी नव्हती. काही परतले, आणि पुष्कळ जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे विखुरले. आज एखादा सुदानी माणूस युद्धविराम झाला तरी लगेच घरी का जाणार नाही, हे श्रोत्यांना या उदाहरणावरून चटकन कळते.

आणि मग त्याच जागेची पुढची हकिकत सांगावी. पोलिश छावणी रिकामी होत होती त्याच सुमारास फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबे त्या बराकींमध्ये वसवली गेली, आणि त्यातून आजचे गांधीनगर उभे राहिले. लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-बेळगावपासूनची माणसे जेथे येतात ती कापडाची घाऊक बाजारपेठ एका निर्वासित वस्तीतून वाढलेली आहे. तुमच्या जागी मी असते तर यंदाच्या कार्यक्रमासाठी गांधीनगरमधील एखाद्या ज्येष्ठ सिंधी व्यापाऱ्याला किंवा आजीबाईंना बोलावले असते. १९४७ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. ती येऊ शकली नाहीत तर त्यांची मुले येतील, आणि बराकीत वाढल्याच्या आठवणी त्यांनाही असतील. सुदान, वळिवडे आणि गांधीनगर या तीन गोष्टी एकामागोमाग ऐकल्या की वेगळ्या उपदेशाची गरज राहत नाही. इतर जिल्ह्यांतील वाचकांनीही आपापल्या भागात असे दुवे शोधावेत: उल्हासनगर तर सिंधी निर्वासितांच्या छावणीचेच शहर झालेले आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, आणि गडचिरोलीतील चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत.

छायाचित्रांच्या प्रदर्शनाऐवजी मी जमीन आखण्याचा प्रयोग सुचवते. मदतकार्यात 'स्फिअर' या नावाने ओळखली जाणारी किमान मानके आहेत. जगभरातील स्वयंसेवी संस्था आणि रेड क्रॉस चळवळ यांनी १९९७ मध्ये ती तयार करायला घेतली. छावणीत एका माणसाला राहण्यासाठी निदान साडेतीन चौरस मीटर छप्पर असलेली जागा मिळावी, दिवसाला निदान १५ लिटर पाणी मिळावे, २५० माणसांमागे एक नळ असावा, नळ घरापासून ५०० मीटरपेक्षा लांब नसावा आणि २० माणसांमागे एक शौचालय असावे, असे ही मानके सांगतात. सभागृहाच्या फरशीवर खडूने किंवा रांगोळीने साडेसतरा फूट लांब आणि पावणेअकरा फूट रुंद चौकट आखा. ती पाच माणसांच्या कुटुंबाची जागा झाली. तिच्यात पाच जणांना प्रत्यक्ष झोपायला, भांडी मांडायला, दप्तर ठेवायला सांगा. शेजारी एका माणसाच्या वाट्याचे पाणी म्हणून पंधरा लिटरची एक बादली भरून ठेवा आणि त्यात पिणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे यांची वाटणी लोकांनाच करू द्या. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर हे प्रमाण धरलेले आहे, हा फलक त्याच बादलीशेजारी ठेवा. बायका या बादलीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबतात आणि मासिक पाळीच्या दिवसांत काय करायचे हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो, जो पुरुष वक्त्याच्या भाषणात क्वचितच असतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. मुंबईच्या जुन्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची असते, आणि तुमची ही छावणीतील चौकट साधारण १८८ चौरस फुटांची भरते. मग निर्वासितांचे एवढे काय वाईट आहे, असे कोणीतरी म्हणेल. म्हणणाऱ्याचे गणित बरोबर आहे. फरक असा की ही किमान मानके आहेत आणि मोठ्या संकटात ती अनेकदा पाळलीच जात नाहीत. शिवाय चाळीतला माणूस सकाळी उठून कामावर जातो, पोरांना महापालिकेच्या शाळेत घालतो, निवडणुकीत मत देतो आणि परवडले तर दुसरीकडे राहायला जातो. छावणीतील माणसाला यांपैकी बऱ्याच गोष्टींची परवानगीच नसते. जागेपेक्षा ही बंद दारे जास्त जाचक असतात, आणि चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

अन्नाविषयी असाच एक प्रयोग रोहिंग्यांच्या संदर्भात करता येतो. तुम्ही सुदान घेतलेत तर तो पुढच्या वर्षासाठी ठेवा. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात पळून आले आणि कॉक्स बाझार जिल्ह्यातील छावण्यांत आधीपासून असलेल्यांना येऊन मिळाले. २०२३ मध्ये निधी आटल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने तेथील माणशी मासिक मदत १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणली. आठ डॉलर म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने साधारण साडेसहाशे रुपये. एवढ्या रकमेत तुमच्या गावच्या किराणा दुकानात एका माणसासाठी महिन्याचे काय काय येते, ते प्रत्यक्ष विकत आणून टेबलावर मांडा, आणि दुकानदाराची पावती शेजारी ठेवा. पुढे ही मदत पुन्हा वाढवण्यात आली हेही सांगा, कारण अर्धवट माहितीवर उभा केलेला कळवळा उघडा पडला की लोक सगळेच खोटे मानू लागतात.

आता ज्या बाबतीत मी सर्वांत सावध राहायला सांगते ती बाब. एखाद्या निर्वासित व्यक्तीला बोलवावे का? बोलवावे, पण तिच्या अटींवर. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांना अशी निमंत्रणे अनेकदा जातात, विशेषतः ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यापासून. निमंत्रकांच्या लक्षात येत नाही की या विद्यार्थ्याचे आईवडील किंवा बहीण अजून तेथेच असू शकतात, आणि येथील भाषणाची एक छोटी चित्रफीत समाजमाध्यमांवरून तेथवर पोहोचायला वेळ लागत नाही. शिवाय भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे त्यांचे येथील राहणे व्हिसावर आणि सरकारी धोरणावर अवलंबून असते. जाहीर राजकीय बोलणे त्यांना अडचणीचे ठरू शकते. म्हणून नाव छापायचे का, छायाचित्र काढायचे का, चित्रीकरण करायचे का, कोणते प्रश्न चालतील, हे सारे आधी विचारावे आणि त्यांनी नाही म्हटले तर कारण विचारू नये. 'तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलेत?' हा प्रश्न श्रोत्यांना विचारू देऊ नये. त्याऐवजी तुम्ही काय शिकता, तुमच्याकडे ईद कशी होते, परतलात तर पहिल्यांदा कोठे जाल, असे विचारावे. माणूस आपणहून जे सांगेल तेवढेच आपले. आणि त्यांना प्रवासखर्च व मानधन द्यावे. शाल-श्रीफळाने गाडीभाडे सुटत नाही.

हाच नियम छायाचित्रांना. हाडे दिसणारी, रडणारी, उघडी मुले फलकावर लावू नयेत. आपल्या घरातील आजारी लेकराचे असे छायाचित्र चौकात लावू द्याल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. गणेशोत्सवात कोल्हापुरात आणि पुण्यात जिवंत देखाव्यांची मोठी परंपरा आहे आणि मंडळे चांगल्या विषयांवर देखावे करतात, पण फाटके कपडे घालून, चेहऱ्याला काळे फासून सुदानी निर्वासित उभे करण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा.

'आपलेच शेतकरी मरत आहेत, तुम्हाला सुदानचे काय पडले आहे?' हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करू नका. विचारणारा बहुधा मनापासून विचारत असतो, आणि अनेकदा तो स्वतःच विस्थापित असतो. वळिवड्याची छावणी उभी राहिली ते १९४३ हे वर्ष बंगालच्या दुष्काळाचेही वर्ष होते, ज्यात लाखो माणसे भुकेने आणि रोगांनी गेली. म्हणजे हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता, आणि तो तेव्हाही खरा असता. मी त्याला असे उत्तर देते. कोयना धरणात गाव गेलेल्या माणसाला साठ वर्षांनंतरही हक्काच्या जमिनीसाठी झगडावे लागते, हा आपल्या राज्यावरचा डाग आहे. पण त्याला जाब विचारायला जिल्हाधिकारी कार्यालय आहे, न्यायालय आहे, आमदार आहे, मोर्चा आहे. निर्वासिताचे स्वतःचेच सरकार त्याच्यावर उठलेले असते किंवा कोसळलेले असते, आणि ज्या देशात तो आलेला असतो तेथे जाब विचारण्याचा त्याला हक्क नसतो. त्याच्या बाजूने बोलायला दुसऱ्या देशांतली माणसेच उरतात. म्हणूनच मी असे सुचवते की कोयनेच्या किंवा तुमच्याकडच्या एखाद्या धरणाच्या विस्थापितांपैकी कोणाला तरी त्याच व्यासपीठावर बोलवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील ज्या कुटुंबांनी शाळेच्या वर्गांत रात्री काढल्या, त्यांच्यातील एखादी बाई बोलली तर आणखी चांगले. दूरचे दुःख आणि जवळचे दुःख एकमेकांचे वैरी नाहीत, हे तिला ऐकून लोकांना कळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला देशविदेशांतून मदत आली होती, हेही तेथे कोणालातरी आठवेल.

आता पैशाविषयी, कारण ऐकून हेलावलेला माणूस 'मी काय देऊ?' असे विचारतो आणि त्याला उत्तर तयार हवे. जुने कपडे गोळा करू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लोकांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. सुदानला तर ते पोहोचवण्याचा खर्चच कपड्यांच्या किमतीहून जास्त होईल. पैसे गोळा करायचे असतील तर दोन गोष्टी पाहाव्यात. महाराष्ट्रात धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची असेल आणि संस्था त्यासाठी नोंदणीकृत नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर जावे लागते. गणेश मंडळांना हे माहीत असते, वाचनालयांच्या ध्यानात राहत नाही. आणि पैसे थेट परदेशी पाठवण्याच्या फंदात वाचनालयाने पडू नये. भारतात कायदेशीरपणे निधी स्वीकारणाऱ्या संस्थांची नावे फलकावर लावून लोकांनी स्वतःच, पावती घेऊन द्यावेत हे उत्तम. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचे काम भारतात १९८१ पासून दिल्लीतून चालते. दिलेला पैसा नेमक्या कोणत्या संकटासाठी वापरला जाईल, हे देण्याआधी विचारण्याचा देणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे, आणि असे विचारायला लोकांना शिकवणे हाही जनजागृतीचाच भाग आहे.

सभांमधून खरोखर काही घडते का, अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. १९३८ मध्ये काँग्रेसने देशभर चीनच्या समर्थनार्थ सभा घेतल्या, निधी जमवला, आणि पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने रवाना झाले. त्यांत कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते. बाकीचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने परतले. कोटणीस तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. माझ्या दृष्टीने यातली शिकण्याजोगी गोष्ट अशी की त्या सभांना एक ठरलेले काम जोडलेले होते: डॉक्टर पाठवायचे, औषधे पाठवायची, रुग्णवाहिका पाठवायची. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशातील माणसांनी तो पैसा दिला, कारण तो कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते. तुमच्या सभेलाही असे एक काम जोडा. ते लहान असले तरी चालेल. एखाद्या महाविद्यालयाने वर्षभर सुदानविषयीच्या बातम्यांचा मराठी गोषवारा दर पंधरवड्याला वाचनालयाच्या फलकावर लावण्याचे पत्करले, तर मला ती सभा यशस्वी वाटेल.

कार्यक्रमाच्या आखणीविषयी थोडक्यात सांगते. एकूण वेळ दोन तासांपेक्षा जास्त नको. सत्कार, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय मिळून दहा मिनिटांत आटोपावा. आपल्याकडे निम्मा कार्यक्रम यातच जातो आणि मुख्य वक्त्याला घड्याळ दाखवले जाते. भाषण वीस मिनिटे, गांधीनगरच्या पाहुण्यांशी गप्पा वीस मिनिटे, चौकट आणि बादलीपाशी अर्धा तास, आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नोत्तरांना. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतले तर बायका आणि विद्यार्थीही विचारतात. वक्त्याने कोणत्याही युद्धात कोणाची बाजू खरी हे सांगण्यात वेळ घालवू नये, पण सामान्य नागरिकांवर हल्ला कोणी केला याची स्वतंत्र चौकशीतून आलेली माहिती असेल तर ती न कचरता सांगावी. मेणबत्त्या लावायच्या असतील तर लावा; त्याने काही बिघडत नाही, फक्त त्या शेवटी लावा आणि त्याआधी लोकांना काहीतरी कळलेले असू द्या.

शेवटी तारखेविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २००० मध्ये ठराव केला आणि २० जून २००१ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला, कारण त्या वर्षी १९५१ च्या कराराला पन्नास वर्षे होत होती. तुमच्याकडे मात्र जूनच्या या आठवड्यात पाऊस लागलेला असतो, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, शेतकरी पेरणीत गुंतलेला असतो आणि अनेक घरांतील माणसे वारीला निघालेली किंवा निघण्याच्या तयारीत असतात. त्या दिवशी फक्त फलक लावा आणि सभा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात किंवा दिवाळीनंतर ठेवा, असे मी सुचवेन. तोपर्यंत दोन तरुण मुलांना वळिवडे आणि गांधीनगरला पाठवा, कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभ पाहायला सांगा, आणि तेथील जुन्या माणसांशी त्यांना बोलू द्या. ती जे टिपून आणतील ते वक्त्याच्या हाती सभेच्या पंधरा दिवस आधी पडायला हवे.